सेंद्रिय कॉफी आणि ‘श्रीमंतांचे चोचले’

सेंद्रिय कॉफीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण त्यात तथ्य आहे. ‘सेंद्रिय कॉफी म्हणजे श्रीमंतांचे चोचले. उत्पादन घटतं, ते भरून काढायला जंगल तुटतं आणि शेतकऱ्याच्या हाती काहीच लागत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय.

आधी माझी चूक. सेंद्रिय कॉफीला ‘रसायनमुक्त’ हा शब्द मी वापरायला नको होता. तांबेरा हा पानांवरचा बुरशीचा रोग आला की सेंद्रिय मळ्यातही बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, फवारतात. त्यातलं तांबं नष्ट होत नाही, मातीत साठत राहतं.

उत्पादन घटतं, कारण नत्र कमी पडतं. पण तुलना कोणाशी? भर उन्हातल्या, युरियावर पोसलेल्या मळ्यापुढे सेंद्रिय मागे पडणारच. ज्या डोंगरी शेतकऱ्याला खत मुळातच परवडत नाही, त्याने कॉफीच्या सालीचं कंपोस्ट घातलं तर उत्पादन वाढूही शकतं. जंगलाचं म्हणाल तर सगळा खेळ सावलीचा, म्हणजे मळ्यात मोठी झाडं राखली की नाही याचा आहे. अरेबिका ही कॉफीची जात मूळची इथिओपियाच्या जंगलातली, मोठ्या झाडांखाली वाढणारी. सेंद्रिय शिक्का असला म्हणजे सावली असेलच असं नाही. स्मिथसोनियन या अमेरिकी संस्थेच्या ‘बर्ड फ्रेंडली’ शिक्क्याला मात्र सेंद्रिय शेतीबरोबर किमान ४० टक्के सावली लागते.

पैशाच्या बाबतीत तुम्ही बरंचसं खरं बोलताय, खरं तर अजून कडक बोलायला हवं होतं. २०२३ पासून फेअरट्रेडमध्ये, म्हणजे शेतकऱ्याला किमान भावाची हमी देणाऱ्या प्रमाणपत्र योजनेत, वॉश्ड (पाण्याने धुऊन गर काढलेल्या) अरेबिकाला पाऊंडामागे किमान १.८० डॉलर आणि सेंद्रिय असेल तर वर ४० सेंट मिळतात. म्हणजे किमान भावाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. पण २०२५ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या वायदे बाजारातला अरेबिकाचा भाव पाऊंडामागे ४ डॉलरच्या वर गेला, तेव्हा तेच ४० सेंट जेमतेम दहावा हिस्सा उरले. उत्पादन त्याहून जास्त घटलं आणि खताची वाचलेली रक्कम तणकाढणीच्या मजुरीत गेली, की संपलं. शिवाय युरोपच्या नियमांनुसार कॉफीसारख्या बहुवार्षिक पिकाला रूपांतराची, म्हणजे साध्या शेतीतून सेंद्रियमध्ये येण्याची, तीन वर्षं काढावी लागतात. कष्ट सेंद्रियचे, भाव साधा. लहान शेतकरी ही वर्षं सहकारी संस्थेच्या आधाराशिवाय कशी काढणार?

‘चोचले’ मात्र मान्य नाही. फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्यावर कित्येक वर्षं एंडोसल्फान हे विषारी कीटकनाशक मारलं जायचं. २०११ मध्ये घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने ते बंदीच्या यादीत टाकलं. ते फवारणारी माणसं श्रीमंत नव्हती.

मूळ लेखातला ‘रसायनमुक्त’ शब्द काढलाय.