डिझाइनची चार वर्षं वाया जातात म्हणे!

बारावीचे निकाल लागले की बडोद्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. दांडिया बाजारातल्या आमच्या ग्रुपवर तो सकाळी काकांनी टाकला आणि संध्याकाळी मावशीने, दोन्ही वेळा हात जोडलेल्या इमोजीसकट. मजकूर थोडक्यात असा: मुलांना डिजिटल डिझाइनला घालून चार वर्षं वाया घालवू नका. सॉफ्टवेअर यूट्यूबवर तीन महिन्यांत फुकट शिकता येतं. डिग्री कोणी विचारत नाही. चित्रकला नसेल तर या लाइनीत काही होत नाही. उरलंसुरलं काम आता एआय करतं. आणि बडोद्यात तसाही याला स्कोप नाही.

मी याच धंद्यातली. ॲप आणि वेबसाइटचे स्क्रीन करते, नोकरीसाठी येणाऱ्या पोरापोरींचे पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाचे नमुने, बघते. म्हणून काकांना ग्रुपवर चार ओळींत उत्तर न देता इथे सविस्तर लिहिते आहे.

सॉफ्टवेअर तीन महिन्यांत येतं का? येतं की. चलाख पोरगी असेल तर तीन महिनेही लागत नाहीत. पण टायपिंग आलं म्हणून कोणी वकील होत नाही. शिवाय सॉफ्टवेअरचा काय भरवसा? एके काळी वेबवरचं हलतं-बोलतं सगळं काम फ्लॅशमध्ये व्हायचं, त्याच्या क्लासेसना रांगा असायच्या. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० ला ते कायमचं बंद केलं. आज ज्याच्या नावाने क्लासचे बोर्ड लागतात ते स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर, फिग्मा, सर्वांसाठी खुलं झालं २०१६ मध्ये, म्हणजे त्यावर पोट भरणारे माझ्या वयाचे लोक शिकत होते तेव्हा ते अस्तित्वातच नव्हतं. आपल्याच गावचं जुनं उदाहरण द्यायचं तर दादासाहेब फाळके. मुंबईच्या जे. जे. नंतर ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकलेबरोबर फोटोग्राफीही शिकले. पुढे गोध्र्यात फोटो स्टुडिओ, मग छपाईचा व्यवसाय, आणि १९१३ मध्ये चित्रपट. साधनं बदलत गेली, कशाला काय शोभतं हे ओळखणारी नजर बदलावी लागली नाही.

मग चार वर्षांत शिकवतात काय? एक प्रसंग सांगते. एका विद्यार्थिनीने दवाखान्याच्या नोंदणीचं ॲप केलं होतं. जन्मतारखेसाठी तिने सुरेख कॅलेंडर दिलं होतं, सगळीकडे असतं तसं, चालू महिन्यावर उघडणारं. सरांनी तिला स्क्रीनबद्दल एक शब्द न बोलता ओपीडीच्या रांगेत जाऊन बसायला सांगितलं. तिथे १९४८ साली जन्मलेले एक आजोबा कॅलेंडरचा मागचा बाण दाबत बसले. महिना-महिना मागे जायचं म्हटलं तर नऊशेच्या वर वेळा दाबावं लागतं. काही मिनिटांनी त्यांनी फोन शेजारच्या मुलाच्या हातात दिला आणि म्हणाले, "बेटा, तूच भर." कॅलेंडरच्या डोक्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं की सरळ वर्ष निवडता येतं, हे त्यांना कळायला काही खूणच नव्हती. पोरीने कॅलेंडर काढून टाकलं आणि तीन साधे चौकोन दिले: दिवस, महिना, वर्ष, आकड्यांच्या कीपॅडवर टाइप करायचे. दिसायला पहिल्यापेक्षा डावं, पण आजोबांनी स्वतः भरलं. पुढच्या आठवड्यात बोर्डावर पिनांनी दोन्ही आवृत्त्या लागल्या, वर्गाने तासभर चिरफाड केली. अक्षरांचा राखाडी रंग फिका पडतो, पांढऱ्यावर कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक) साडेचारास एकच्या खाली जातो, मजकूर सगळ्यांना वाचता यावा म्हणून असलेला नियम तोडतोय, हे तिला एका वर्गमित्रानेच दाखवलं. वर मराठी मजकुराला इंग्रजीचं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलेलं, त्यामुळे 'कुटुंब'चे उकार कापले जात होते आणि 'किती'च्या वेलांट्या वरच्या ओळीत घुसत होत्या.

ही चिरफाड यूट्यूब करत नाही. व्हिडिओ तुम्हाला बटण कसं काढायचं ते दाखवतो. 'बटण इथेच का?' असं विचारून अर्धा मिनिट गप्प बसणारा माणूस त्यात नसतो. चार वर्षं मोजायची ती यासाठी. आणि जिथे अशी चिरफाड होत नाही तिथली चार वर्षं खरोखरच वाया जातात, हेही मान्य करते.

डिग्री कोणी विचारत नाही, हा मुद्दा अर्धा खरा. आमच्यासारख्या स्टुडिओत पहिल्या फेरीत पोर्टफोलिओच बघतात. पण पुढे आयआयटीसारख्या ठिकाणी एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, करायची तर त्याच्या सीड या प्रवेशपरीक्षेला बसायलाच बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी किंवा पदविका लागते. कॉलेजात शिकवायचं तर पदवी हवीच. अठराव्या वर्षी कोणी मास्तर व्हायचं ठरवत नाही, पण पंचविशीत वाटलं तर दार बंद नको.

पोर्टफोलिओत काय बघतात हेही सांगते, कारण मेसेजात त्याची गंधवार्ता नाही. जेवण मागवायच्या एखाद्या प्रसिद्ध ॲपचं नव्या रंगात रंगवलेलं रूप मी ढिगाने बघते. त्यातून काही कळत नाही. तुमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक का असेना, ज्यात अडचण तुम्ही स्वतः शोधली आहे, चुकलेले दोन आराखडे ठेवले आहेत आणि का बदललं ते लिहिलं आहे, तर मी थांबून वाचते.

चित्रकला. हुबेहूब व्यक्तिचित्र जमायची गरज नाही. आयआयटी मुंबई २०१५ पासून बी.डेस., म्हणजे डिझाइनच्या पदवीच्या, प्रवेशासाठी यूसीड ही परीक्षा घेते. त्यात कागदावर काढायचा भाग आहे, पण निम्म्याहून जास्त प्रश्न निरीक्षण, तर्क आणि घडण ओळखण्याचे. बारावीला आर्ट्स, कॉमर्स की सायन्स, याचीही परीक्षेला बसायला अडकाठी नाही. एम.एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्समध्ये अप्लाइड आर्ट्सला यायचं असेल तर मात्र हात चालायला हवा. अकरावीपासून रोज स्केचबुक बाळगा, रिक्षावाला आणि शेव-उसळची गाडी काढा, पुरे.

एआयचा मुद्दा मात्र हलक्यात घेऊ नये. दिवाळीच्या शुभेच्छांची पोस्टर, दुकानाच्या ऑफरचे बॅनर, व्हिडिओचे थंबनेल, ज्या कामांवर नवखी पोरं पहिली दोन वर्षं काढायची, ती कामं आटताहेत. काकांनी इथे काळजी करणं बरोबर आहे. पण ओपीडीतल्या त्या आजोबांकडे परत बघा. एआयला नोंदणीचा स्क्रीन मागितला तर ते बहुधा कॅलेंडरच देईल, कारण सगळीकडे कॅलेंडरच आहे. आणि क्लायंट 'काहीतरी मॉडर्न करा' म्हणतो तेव्हा त्याला नक्की काय खुपतंय हे त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं. म्हणूनच जो विद्यार्थी फक्त सॉफ्टवेअर शिकून थांबला, तो एआयच्या तोंडी सगळ्यात आधी जाईल. म्हणजे मेसेजातला यूट्यूबचा सल्ला ऐकला तर त्यातलीच एआयची भीती खरी होते!

बडोद्यात स्कोप नाही म्हणे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, कलाभवन निघालं ते हुनर आणि कारखाना एकमेकांना भेटावेत म्हणूनच. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एखाद्या यंत्राच्या पॅनेलसमोर उभं राहून बघा: धोका लाल, ठीक हिरवं, दोन्ही एकाच आकाराचे ठिपके. लाल-हिरवा फरक न दिसणारे पुरुष थोडेथोडके नाहीत, आणि हातात ग्लोव्ह घालून नखाएवढं बटण दाबायचं असतं. औषध कंपन्यांच्या लेबलांवरची मुंगीएवढी अक्षरं वेगळीच. काम पडलेलं आहे. मागायला जाणारे कमी आहेत. पगार बंगळूरमध्ये जास्त, यात वाद नाही.

मेसेजात एक खरा धोका मात्र आलाच नाही. खासगी कॉलेजांची फी लाखांत जाते आणि माहितीपत्रकावर 'शंभर टक्के प्लेसमेंट' छापलेलं असतं. फी भरण्याआधी तिथे जा, मागच्या वर्षीच्या पाच-सहा विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ मागा, शिकवणारे स्वतः कुठे काम करतात ते विचारा, आणि जमलं तर एक जूरी, म्हणजे परीक्षकांसमोर होणारी कामाची चिरफाड, मागे बसून बघू द्या म्हणा. दाखवायला टाळाटाळ केली तर चेकबुक पिशवीतच राहू द्या.