इराणी हॉटेलं स्वस्त भाड्यावर तगली का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

धोबीतलावच्या कयानी या इराणी हॉटेलावरचा माझा लेख आपण शेवटपर्यंत वाचलात आणि एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. आपल्या आजोबांची गिरगावात चाळ होती आणि तळमजल्याच्या गाळ्यांच्या भाड्यातून साधी डागडुजीही निघत नसे, असं आपण सांगता. आपला आक्षेप थोडक्यात असा : ‘1904 पासूनचं हॉटेल’ म्हणून मी ज्याचे गोडवे गातो, ते फक्त जुन्या भाड्यावर मोक्याची जागा अडवून बसणं आहे. भाडेकरू तगले, इमारती कुजल्या.

इमारती कुजल्या, हे शंभर टक्के खरं. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर खिळवून ठेवलं. महागाई कुठल्या कुठे गेली, भाडं तिथेच. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही गोठवणूक आता वाजवी राहिलेली नाही, असं स्पष्ट म्हटलं. पुढे 1999 चा कायदा आला, तर त्यात वाढ किती? वर्षाला 4 टक्के, तीही त्या केविलवाण्या आकड्यावर. त्याआधी 1969 पासून सरकारने भाडेकरूंकडून उपकर घेऊन दुरुस्ती मंडळामार्फत टेकू लावायला सुरुवात केली होती. त्या टेकूंवर दक्षिण मुंबईतल्या कित्येक इमारती अजून उभ्या आहेत. घरमालकांवर अन्याय झाला, यावर आपल्यात वाद नाही.

पण इराणी हॉटेलं त्यामुळे तगली, हे मला मुळीच पटत नाही. भाडं तर सगळ्याच जुन्या भाडेकरूंचं गोठलं होतं. एकेकाळी या शहरात अशी हॉटेलं शेकड्यांनी होती, आज बोटांवर मोजावी लागतात. स्वस्त भाडं हेच कारण असतं, तर बाकीची का गेली? धोबीतलावचंच बस्तानी का बंद झालं असतं?

उलट त्या स्वस्त भाड्यातच हॉटेल बंद करायचा मोह दडलेला होता. पागडीचा गाळा म्हणजे मालकाला सुरुवातीला ठोक रक्कम देऊन जुन्या भाड्यावर कायम ताब्यात घेतलेली जागा. तिचा हक्क विकला की एकरकमी मोठा पैसा हातात पडतो. मालकालाही त्यात वाटा मिळतो. हा व्यवहार आधी चोरून चालायचा, 1999 च्या कायद्याने तो राजरोस झाला. एका बाजूला ही रक्कम आणि दुसऱ्या बाजूला पहाटे उठून भट्टी, पाव, चहा, आणि एका बनमस्क्यावर तासभर बसणारं गिऱ्हाईक. मुलं शिकून डॉक्टर-इंजिनियर झालेली, परदेशी गेलेली. अशा वेळी गाळा विकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण ज्यांनी विकला नाही, त्यांच्याकडे ‘फुकटे भाडेकरू’ म्हणून बघणं मला अन्यायाचं वाटतं. हातातलं सोडून ते गल्ल्यावर बसले.

ही हॉटेलं रस्त्याच्या कोपऱ्यावरच का, हेही आपण विचारलंत. हिंदू दुकानदार कोपरा अशुभ मानत म्हणून तो इराण्यांना मिळाला, ही गोष्ट सगळेच सांगतात, मी मुद्दाम टाळली. तिच्यामुळे इराणी माणसाची धंद्याची नजर झाकली जाते. कोपऱ्यावर दोन रस्त्यांची गिऱ्हाइकं येतात, दोन्हीकडून उजेड-वारा मिळतो आणि आतला माणूस बाहेरून दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणमधल्या याझ्द-केरमानकडून आलेले हे लोक. त्यांना गिऱ्हाईक हवं होतं ते एका खोलीत दाटीवाटीने राहणारं, घरी धड चूल नसलेलं. कयानी ज्या जेर महालात आहे, तिथेच वर गोव्याच्या गावांचे क्लब, म्हणजे कूड, गावकऱ्यांची मुंबईतली मुक्कामाची जागा. बोटीवर जाणारे तारवटी, म्हणजे खलाशी, तिथे उतरायचे. त्यांना सकाळी चहा-पाव कुठे मिळणार? जिना उतरला की खाली. वरची वस्ती आणि खालचं हॉटेल एकमेकांच्या आधाराने वाढलं. म्हणून मी इमारतीवर एवढं लिहिलं.

आणि इराणी हॉटेलातल्या त्या खुर्च्या. ‘जुन्या खुर्च्यांचं कसलं कौतुक’ असं आपण लिहिलंत. वाफेवर वाकवलेल्या लाकडाची ती घडण युरोपातली. मूळची 1859 ची खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा तुकडे, थोडे स्क्रू आणि नट, बस्स. सुटी केली की एक घनमीटरच्या खोक्यात 36 खुर्च्या मावत. असा माल बोटीने दूरवर पाठवणं सोपं. शिवाय हलकी, झाडायला सोपी, आणि एखादा भाग मोडला तर तेवढाच बदलायचा. संगमरवरी टेबलाचंही तसंच. त्यावर चहा सांडला तर एका फडक्यात साफ. 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या काळात अशा टेबलाशी पैसे मोजून जवळपास कोणीही बसू शकत होतं. याला मी नुसतं फर्निचर कसं म्हणू?

1995 च्या नियमांनी मुंबईतल्या वारसा इमारतींना संरक्षण मिळालं खरं, पण ते भिंतींना, सज्जांना. आतल्या धंद्याला नाही, आणि दुरुस्तीचा खर्च सोसणाऱ्या मालकाच्या खिशालाही नाही. भाडं रास्त वाढावं, वाढीव रकमेतून दुरुस्ती मालकाला बंधनकारक व्हावी, असं माझं मत आहे. त्यासाठी चाळ पाडायची गरज नाही.

आपल्याकडे आजोबांच्या वेळच्या गाळ्यांच्या भाडेपावत्या किंवा पागडीचे कागद असतील, तर मला जरूर दाखवा. गाळेधारकांची बाजू मी लिहिली, मालकांची बाजू त्या कागदांवरून लिहायला मला मनापासून आवडेल. नावं-पत्ते अर्थातच बाहेर येणार नाहीत.