हे ‘आता’ कुठून आलं?

परवा आमच्या कोल्हापुरात तालमीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉल संघाच्या, कट्ट्यावर एक काका म्हणाले, “आता काय, पोरीबी फुटबॉल खेळायला लागल्यात.” कौतुकानंच म्हणाले. पण त्या ‘आता’वर माझी गाडी अडली.

अहो काका, १९२० च्या २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर प्रेस्टनच्या कारखान्यातल्या पोरींची, ‘डिक, केर लेडीज’ची मॅच बघायला ५३ हजार माणूस लोटलं होतं. बायकांचा खेळ बघायला कोण येतंय, हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला होता. मग पुढच्याच डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं ठरवलं, की हा खेळ बायकांना शोभत नाही, आणि आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती उघडायला १९७१ उजाडलं! २०२२ ला बायकांच्या युरो कपच्या फायनलला वेम्बलीवर ८७,१९२ लोक बसले, तेव्हा सगळे ‘नवी लाट’ म्हणाले. मला तर ती जुनी थकबाकी वाटली.

आपल्याकडंही तेच. १९७९ आणि १९८३, दोनदा आपल्या पोरी आशिया कपात उपविजेत्या. १९६२ चं पुरुषांचं एशियाड सुवर्ण कट्ट्यावर पाठ आहे. पण अर्जुन मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू शांती मलिक, हे मला स्वतःला चाळिशीत कळलं. लाज वाटली.

२०२२ ला आशिया कप नवी मुंबईत आला. इराणशी बरोबरी झाली, मग संघात कोरोना शिरला. दुसऱ्या मॅचला नियमाप्रमाणं लागणाऱ्या किमान १३ जणी उभ्या करता आल्या नाहीत आणि यजमानच स्पर्धेबाहेर. टीव्ही बंद करून गप्प बसलो होतो.

म्हणून २०२५ च्या जुलैचं अप्रूप. १९८३ ला ज्या थायलंडनं कप नेला, त्यांना त्यांच्याच घरात २-१. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशिया कप गाठायची आपल्या पोरींची ही पहिलीच वेळ. तिचा पहिला गोल, लांबून हाणलेला, बघितला नसेल तर आधी तो बघा.

आता आमच्या कोल्हापुरात या. माझी भाची खेळते. संध्याकाळी मैदान पोरांचं, म्हणून हिची टीम पहाटे साडेपाचला. काकांना म्हटलं, “कौतुक राहू दे, आठवड्यातनं दोन संध्याकाळी मैदान सोडायला सांगा की तुमच्या पोरांना.”

“लीग तोंडावर हाय, संपू दे मग बघू.”

लीग संपली की स्पर्धा लागतात, हे त्यांनाही ठाऊक आहे. असो. पाचचा गजर लावतोय.