केग्विन सोलापूरला आलाच नव्हता, मामा

परवापासून चार ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. म्हणे रिचर्ड केग्विन हा गरीब कोळ्याचा अनाथ पोरगा, इंग्रजांच्या आरमारात शिरला, खांदेरीला मराठ्यांच्या कैदेत पडला, महाराजांचा भक्त झाला, मग मुंबई संभाजीराजांना देऊन टाकली, पळून आपल्या सोलापूरच्या भुईकोटात लपला आणि शेवटी इंग्रजांनी त्याला फाशी दिली. मी सोडूनच देणार होतो, पण मामांनी हे नातीला शिवजयंतीच्या भाषणाला दिलं आणि चिमीनं वहीत सुंदर अक्षरात उतरवूनसुद्धा काढलं.

आधी भुईकोटाचं बघू, कारण डोकं तिथंच फिरलं. मामा, तेव्हा सोलापूर होतं कुणाकडं? मोगलांकडं! विजापूरवाल्यांनी 1668लाच त्यांना देऊन टाकलेलं. आणि 1685ला तर विजापूर घ्यायला निघालेला औरंगजेब स्वतः इथं तळ ठोकून बसला. संभाजीराजांचा दोस्त लपायला जागा शोधतोय आणि नेमका औरंगजेबाच्या पुढ्यात येऊन बसतोय, पटतं का? किल्ल्याच्या बागेत भेळ खाताना तरी जरा विचार करायचा.

फाशीबिशी काही नाही. नोव्हेंबर 1684ला त्यानं बंड करून घेतलेली मुंबई माफीच्या अटीवर थॉमस ग्रँथम ह्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या ताब्यात दिली, इंग्लंडला गेला, परत राजाच्या आरमारात कॅप्टन झाला आणि 1690ला कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावर फ्रेंचांशी लढताना मेला. केग्विनच्या बंडावर स्ट्रॅची नवरा-बायकोनं 1916ला ऑक्सफर्डमधून आख्खं पुस्तक काढलंय, मेसेज लिहिणाऱ्यानं ते लांबून तरी बघायचं होतं.

कैदेचं म्हणाल तर ऑक्टोबर 1679ला मराठ्यांनी पकडलं ते 'डव्ह' जहाज, त्यावरचे इंग्रज कैद झाले. केग्विन होता 'रिव्हेंज' जहाजावर, म्हणजे तोफा आपल्यावरच डागत होता, आणि ह्याला भक्त म्हणायचं! अनाथ वगैरे पण थाप. कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्सचं जुनं खानदानी घराणं, आई गोडॉल्फिन घराण्यातली लेक. 1673ला डचांकडून अटलांटिक महासागरातलं सेंट हेलेना बेट परत घेतलं त्यात हा पुढं होता, नंतर तिथला गव्हर्नरही झाला.

एक मात्र नाइलाजानं मान्य करतो. बंड खरं आहे. ईस्ट इंडिया कंपनीनं सैनिकांच्या पगाराला कात्री लावली, लोक चिडले, 27 डिसेंबर 1683ला ह्यानं डेप्युटी गव्हर्नरला कैद केलं आणि पुढच्या वर्षी संभाजीराजांशी तहही केला. पण त्यात व्यापाराच्या सवलती मिळवल्या, मुंबई दिली नाही, ती त्यानं चार्ल्स राजाच्या नावानंच धरून ठेवली होती.

काल चिमीला फोन करून हे सगळं सांगितलं. फाशी खोडली म्हणाली. "पण काका, किल्ल्याचं राहू दे ना, टाळ्या तिथंच पडतात असं आजोबा म्हणाले."