बिनशिंगाचा गेंडा दिसला की ‘विकलं असणार!’

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: गेंड्याचं शिंग एकदा गेलं की पुन्हा येत नाही, प्राणिसंग्रहालयात बिनशिंगाचा गेंडा दिसला तर ते कापून विकलं असं समजा, आणि असा गेंडा फार जगत नाही.

‘पुन्हा येत नाही.’ येतं. गाई-म्हशींच्या शिंगांवरून हा समज झाला असावा. त्यांच्या शिंगात हाडाचा गाभा असतो, गेंड्याच्या शिंगात हाड नसतंच. ते आपल्या नखांसारखं केराटिनचं असतं, नाकावरच्या त्वचेतून उगवतं आणि आयुष्यभर वाढतं. आफ्रिकेतल्या पांढऱ्या गेंड्याचं पुढचं शिंग वर्षाला साधारण 5 ते 7 सेंटिमीटर वाढतं. म्हणूनच तर शिकार रोखायला शिंगं कापणाऱ्या तिथल्या अभयारण्यांना दर दीड-दोन वर्षांनी पुन्हा करवत काढावी लागते.

मात्र शिंग कुठून तुटलं यावर बरंच अवलंबून. बूड राखून कापलं तर रक्ताचा थेंब येत नाही. पण लोखंडी दाराला धडक देऊन ते मुळापासून उखडलं, तर खालची जिवंत त्वचा उघडी पडते, भळाभळा रक्त वाहतं, माश्या बसून अळ्या पडतात. मग रक्त थांबवा, जखम धूत राहा, माश्या हाकला. शिंग तयार करणारा त्वचेचा थर शाबूत राहिला तर नवं शिंग फुटतं; तोच फाटला असेल तर वेडंवाकडं येतं.

‘कापून विकलं.’ पिंजऱ्यातले गेंडे, त्यातही आपले एकशिंगी, गजांवर आणि सिमेंटच्या भिंतींवर शिंग घासत बसतात आणि त्याचा नुसता गड्डा उरतो. हा बंदिस्त जागेचा दोष आहे, त्यावर प्रशासनाला जरूर धारेवर धरा. चोरीची भीतीही खोटी नाही: मार्च 2017 मध्ये पॅरिसजवळच्या थ्वारी प्राणिसंग्रहालयात चोरांनी व्हिन्स नावाच्या गेंड्याला ठार करून शिंग नेलं. त्यानंतर चेक प्रजासत्ताकातल्या द्वूर क्रालोवे प्राणिसंग्रहालयाने आपल्या गेंड्यांची शिंगं स्वतःहून, उघडपणे कापली. म्हणजे कापलेलं शिंगही विक्रीचा पुरावा ठरत नाही.

‘जगत नाही.’ दक्षिण आफ्रिकेतल्या कारिएगा अभयारण्यातल्या थांडी नावाच्या गेंडा मादीचं शिंग 2012 मध्ये शिकाऱ्यांनी चेहऱ्यासकट तोडलं. ती वाचली आणि पुढे तिला पिल्लंही झाली. एकशिंगी गेंडा तर मारामारीत खालच्या धारदार दातांवरच जास्त भिस्त ठेवतो.