कॅव्हेट म्हणजे स्टे नव्हे

'वकील तुम्हाला कधीच सांगणार नाहीत असे कोर्टातले लॅटिन शब्द' असा एक मेसेज सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. शिवाजीनगर कोर्टात मी दिवाणी दावे चालवते, आणि माझ्याच चार पक्षकारांनी तो मला पाठवला. त्यातले काही शब्दार्थ बरोबर आहेत. पण अर्थाच्या खाली कायदा म्हणून जे लिहिलंय, त्यावर विसंबून कुणाची तरी मुदत हुकेल, म्हणून हे लिहायला बसले.

'कॅव्हेट लावा, वर्षभर समोरच्याला स्टे मिळत नाही.' यात वर्षही चूक आणि स्टेही (स्टे म्हणजे स्थगिती किंवा मनाई हुकूम). कॅव्हेट म्हणजे 'त्याने सावध राहावं'. सावध राहायचंय ते कोर्टाने: माझं ऐकल्याशिवाय हुकूम करू नका, एवढीच ती विनंती. 1976च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेत आलेल्या कलम 148-अ प्रमाणे तिची मुदत 90 दिवस. त्या काळात समोरच्याने अर्ज केला तर तुम्हाला नोटीस येते. मग दोघांचं ऐकून न्यायाधीशांना पटलं, तर मनाई हुकूम होतोच. रिडेव्हलपमेंटच्या एका वादात 'आपलं कॅव्हेट आहे ना' म्हणत सभासद निर्धास्त राहिले, नोटीस येऊनही तारखेला कुणी फिरकलं नाही, आणि मनाई झाली. 90 दिवस उलटले की कॅव्हेट नव्याने दाखल करावं लागतं, हेही मेसेजमध्ये नाही.

'एक्स पार्टे झालं की केस संपली.' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. एक्स पार्टे म्हणजे एका बाजूचं ऐकून. आपण कोर्टात एकतर्फी म्हणतो. पण एकतर्फी चौकशी सुरू झाली तरी वादीला आपला दावा सिद्ध करावाच लागतो. हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा अंतिम निर्णय, व्हायच्या आधी तुम्ही हजर राहून गैरहजेरीचं सबळ कारण दिलंत, तर आधीचा एकतर्फीचा आदेश मागे घेतला जाऊ शकतो. हुकूमनामा झाल्यावरही समन्स नीट बजावलं नव्हतं किंवा हजर राहता न येण्याजोगं कारण होतं, असं दाखवून संहितेच्या आदेश 9 नियम 13 खाली तो रद्द करून मागता येतो. मुदत 30 दिवस. समन्सच नीट बजावलं नसेल तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. धनकवडीच्या एक मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा यातले सहा दिवस उरले होते. समन्स जुन्या पत्त्यावर गेलं होतं. 'आता काय उपयोग' म्हणून त्या घरीच बसल्या होत्या. भाच्याने ओढून आणलं म्हणून अर्ज वेळेत पडला.

हेबियस कॉर्पस म्हणजे 'मृतदेह हजर करा', हे तर साफ चूक. कॉर्पस म्हणजे शरीर, आणि ही मागणी बेकायदा डांबून ठेवलेल्या जिवंत माणसासाठी असते. राज्यघटनेच्या कलम 32 खाली सर्वोच्च न्यायालयाकडे, कलम 226 खाली उच्च न्यायालयाकडे.

'फॉल्सस इन उनो, फॉल्सस इन ऑम्निबस: साक्षीदाराचं एक खोटं पकडा, सगळी साक्ष बाद.' शब्दार्थ 'एकात खोटा तो सगळ्यात खोटा' असाच आहे, पण आपल्याकडे हा कायदाच नाही. निसार अली खटल्यात 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा सावधगिरीचा नियम आहे, बंधनकारक नियम नाही. साक्ष सुपात घेऊन पाखडायची. खरं राहतं, फोल उडतं. हे उलटतपासणीआधी पक्षकाराला समजलेलं बरं, कारण समोरच्या साक्षीदाराने तारीख चुकीची सांगितली की आपण जिंकलो, अशा भरवशावर माणसं तडजोडीची संधी घालवतात.

मेसेजचा शेवटचा मुद्दा असा, की हे सगळं परकं आहे, आपल्या परंपरेत असलं काही नव्हतं. उदाहरण दिलंय रेस ज्युडिकाटाचं: एकदा निकाल लागलेला वाद त्याच पक्षकारांत पुन्हा उकरता येत नाही. संहितेचं हे कलम 11, त्याला मराठीत प्राङ्न्याय म्हणतात, आणि हा शब्द लॅटिनच्या भाषांतरासाठी घडवलेला नाही. धर्मशास्त्रात प्रतिवादीने द्यायच्या चार प्रकारच्या उत्तरांपैकी एकाचं हे नाव आहे. हरलेला माणूस पुन्हा दावा घेऊन आला तर त्याला 'तू पूर्वीच हरला आहेस' असं उत्तर द्यावं, असं स्मृतिकार कात्यायनाचं वचन. विज्ञानेश्वर आणि नीलकंठ या धर्मशास्त्रावर लिहिणाऱ्या दोन पंडितांनी त्याचा आधार घेतलाय. 1916 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळात भारतातल्या खटल्यांचं शेवटचं अपील जिथे चाले त्या लंडनच्या न्यायपीठाने, हाच नियम लावताना हे वचन निकालपत्रात उद्धृत केलं. तो निकाल लिहिणारे सर लॉरेन्स जेंकिन्स त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

लॅटिनने माणूस बिचकतो, ही तक्रार मात्र मला मान्य आहे. इंग्लंडच्या दिवाणी कोर्टांनीही 1999च्या नव्या नियमांत एक्स पार्टे सोडून साधी इंग्रजी घेतली. म्हणून माझ्या पक्षकाराला मी विचारते ते एवढंच: तुमच्या कागदावर कुठलं कलम लिहिलंय, आणि तो तुमच्या हातात कोणत्या तारखेला पडला?