हवामान माणसानं बिघडवलं नाही, हे टपरीवर कसं पटवावं

वेळ मे महिन्यातली निवडा. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा 46-47ला टेकलेला असतो, कुत्री नालीत बसलेली असतात आणि टपरीवाला पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत असतो. कोणीतरी म्हणणारच, ‘यंदा ऊन लयच तापून राह्यलं गा.’ लगेच तोंड उघडायचं नाही. आधी खर्रा गालात नीट बसू द्यायचा, मग सावकाश म्हणायचं, ‘काऊन, आमच्या आज्याच्या काळात नोतं का तापत?’ आजा वारला, त्याच्याजवळ थर्मामीटर नव्हतं. साक्षीदार म्हणून याहून सोयीचा माणूस मिळायचा नाही.

दुसरं हुकमी वाक्य, ‘हे निसर्गाचं चक्र हाय.’ पृथ्वीवर हिमयुगं आली आणि गेली, हे खरंच आहे, त्यामुळे बोलताना आवाज चढवायला हरकत नाही. फक्त त्या चक्राला किती वेळ लागतो ते सांगू नका. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल बदलून हिमयुग यायला-जायला हजारो वर्षं जातात. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र दर दहा लाख भागांमागे 280वरून 420च्या वर गेला, तो गेल्या दोन-अडीचशे वर्षांत. चक्र एवढ्या जोरात फिरायला लागलं, तर शेतकरी आधी त्याला कोण फिरवतंय ते बघतो. म्हणून आकडे टाळा.

कोणी म्हणालं की हवाई बेटांवर मौना लोआ डोंगरावर 1958पासून हा वायू मोजतात, तर हसायचं. ‘तिकडचे लोक आपल्याले काय सांगतात?’ अक्षय्य तृतीयेला पाऊस-पिकाचं भाकीत सांगणाऱ्या भेंडवळच्या घटमांडणीत पापड-कुरडई किती सरकली, यावर मात्र दोन तास चर्चा झाली पाहिजे.

ज्वालामुखीचा मुद्दा दुरूनच बरा. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या एक टक्काही भरत नाही. सूर्यावर ढकलायचं असेल, तर रात्रीचा विषय निघू देऊ नका. सूर्य जास्त तापला असता, तर दिवस रात्रीपेक्षा जास्त तापले असते. जगभर हिशेब उलटा निघाला, रात्री जास्त वेगानं तापल्या. शिवाय खालची हवा तापतेय आणि स्थितांबर, म्हणजे हवेचा वरचा थर, थंड होतोय. गोधडी पांघरली की ऊब आत अडकते, बाहेर कमी पोचते, तसं. आणि 1978पासून उपग्रह सूर्य मोजतायत, त्यात चढ नाही. अंगणातली खाट पहाटेपर्यंत गरम का राहते, असं आजीनं विचारलं, तर कूलरमध्ये पाणी टाकायला उठून जा.

आता खरी जोखमीची जागा. तुमच्या वावरात रात्री कोणी तूर खाल्ली, तर सकाळी धुऱ्यावर उभं राहून तुम्ही सांगता. शेंडे खुडले असतील आणि लेंड्यांचा एकाच जागी ढीग असेल, तर रोही, म्हणजे नीलगाय. माती नांगरल्यासारखी उकरली असेल, तर रानडुक्कर. ‘जनावरं तर आधीपासूनच खातात’ असं म्हणून कोणी घरी जात नाही. ही अक्कल वावरातच ठेवून यायची, टपरीवर आणायची नाही. कारण कार्बनलाही खूर असतात. जिवंत झाडात किरणोत्सारी कार्बन-14 असतो. झाड मेलं की दर 5,730 वर्षांनी तो निम्मा होतो. चंद्रपूरकडचा दगडी कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा, त्यात त्याचा मागमूस उरलेला नाही. गेल्या शतकात हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-14चं प्रमाण पातळ होत गेलं. (मधे अणुबॉम्बच्या चाचण्यांनी ते वाढलं, हे टपरीवरच्या एखाद्या शहाण्याला माहीत असेल, तर त्याला चहा पाजा.) झाडांना जड कार्बन-13 कमी आवडतो, म्हणून कोळशातही तो कमी, आणि हवेतल्या कार्बनमध्ये त्याचंही प्रमाण घटतंय. म्हणजे जुनी झाडं कोणीतरी जाळतंय. रोही तर चूल पेटवत नाही.

एवढं ऐकूनही कोणी म्हणेल, ‘पण आपण वऱ्हाडातल्या लोकांनी काय केलं? आपल्याजवळ त एक बैलजोडी हाय.’ सावध राहा! हे बोलणं बरोबर आहे आणि म्हणूनच तुमच्या कामाचं नाही. भारतात माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी, अमेरिकेत आपल्या कितीतरी पट. ज्यांनी जास्त जाळलं त्यांनी नुकसान भरावं, या मागणीतून 2022मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत निधी ठरला. पण पैसे मागायचे, तर आधी कोणीतरी केलं हे मान्य करावं लागतं. निसर्गानंच केलं म्हटलं, की पंचनामा कोणाच्या नावानं लिहायचा? तुम्ही टपरीवर वाद जिंकता तेव्हा आपलाच अर्ज फाडत असता. पण वाद जिंकण्याची मजा वेगळीच.

आमच्या गावात यात माझ्याहून तयार एक काका आहेत. चक्र, आजा, सूर्य, सगळं तोंडपाठ. परवा सकाळी धुऱ्यावर दिसले. ओल्या मातीत उमटलेल्या खुराशेजारी दहाचं नाणं ठेवून मोबाइलवर फोटो काढत होते. मला म्हणाले, ‘नाणं ठेवल्याशिवाय माप समजत नाही बाबू. अन् पुरावा नसला, त साहेब म्हणते, तुमच्याच बैलानं खाल्लं असन.’